नदाफ सरांचा एकच प्रश्न

"कॉलेजात पोरांना दूध मिळत न्हाय वाटतं," कट्ट्यावर बसलेला एक जण शेजारच्याला म्हणाला. हळू बोलायची तसदी त्यानं घेतली नव्हती.

शिवाजी पेठेतल्या त्या चौकात आमचा सगळा वर्ग उभा होता. ऊन उतरलं होतं. समोर काळ्या दगडाचा लांब कट्टा, कट्ट्यापुढं दोन म्हशी, आणि एकीच्या पोटाशी उकिडवे बसलेले बंडूनाना गवळी. माणसं पेले हातात धरून वाट बघत होती. डोळ्यांसमोर धार काढायची, फेसाळलेला पेला हातात द्यायचा, आणि गिऱ्हाइकानं तो तिथंच उभ्यानं संपवायचा. कोल्हापुरात हे रोजचंच. माझा जन्म कोल्हापूरचा, पण तोवर मी ते दूध कधी प्यायले नव्हते. आमच्या कॉलनीत दूध पिशवीतून यायचं.

नदाफ सर त्या माणसाकडं वळले. "न्हाय मिळत. म्हणून तर आणलंय की."

कट्टा हसला. दोघंतिघं सरकले आणि सरांना जागा झाली. सर ऐसपैस बसले, दोन्ही तळहात दगडावर टेकवले आणि आमच्याकडं बघून म्हणाले, "हं. पावणं, सांगा बघू. इथं बसायचं कुठं?"

आम्ही स्केचबुकं काढायला लागलो. "वह्या आत. आधी बसा, मग दूध प्या, मग बघू काय काढायचं ते."

नदाफ सर आम्हाला नगररचना शिकवायचे. शहर कसं घडतं, रस्ता कुठं वळतो, चौक कुठं रुंदावतो, आणि असं का होतं, हा त्यांचा विषय. कॉलेज मात्र कागलच्या बाजूला, हायवेलगत, चहूबाजूंनी ऊस. तिथं चालत जाण्यासारखं काही नव्हतं, चालणारा माणूसही दिसायचा नाही. वर्गाच्या काचेतून उसाचे तुरे दाखवत सर म्हणायचे, "शहर शिकवायला आम्हाला शहराबाहेर आणून बसवलंय. फडात उभं राहून पोहायला शिकवतोय मी." म्हणून आठवड्यातून एकदा ते आम्हाला गावात आणायचे. बस मिळाली तर बसनं, नाही तर ज्याच्या त्याच्या गाडीनं.

ते बुटके होते, अंगानं जाड, कायम अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. बाकीच्या शिक्षकांच्या खिशात मोजपट्टी नाही तर मापाची टेप असायची. सरांच्या खिशात सुपारी. "टेप कुठाय, सर?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "बूड दिलंय की देवानं. त्याच्यापेक्षा खरं माप कुठलं?" आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. जिथं जाऊ तिथं ते बसून बघायचे. बँकेच्या पायरीवर, बसथांब्याच्या तिरक्या नळीवर, पुतळ्याच्या जोत्यावर. एकदा नव्या मॉलच्या बाहेर पायऱ्यांवर आम्हाला घेऊन बसले. थोड्या वेळानं रखवालदार आला.

"इथं बसायचं न्हाय ओ."

"बरं," सर उठत म्हणाले. "तुम्ही कुठं बसता?"

रखवालदार जरा गोंधळला. मग त्यानं खांबामागं पालथी घातलेली रंगाची बादली दाखवली. सर गेले, वाकून बादली बघितली आणि परत आले. "बघितलंत? एवढी मोठी इमारत, आणि राखणाऱ्याला एक बूडभर जागा न्हाय. नकाशा काढणाऱ्याला ती सुचलीच न्हाय." तो रखवालदार आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला. का आला, त्यालाही ठाऊक नसावं.

सगळ्या मुलांना ते "पावणं" म्हणायचे. आधी वाटलं, नावं लक्षात राहत नसतील. तसं नव्हतं. ओंकार नावाचा मुलगा पेठेतलाच, तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळणारा. त्यानं एकदा तक्रार केली, "सर, मी हितलाच हाय की. मला कशाला पावणं म्हणताय?" सर म्हणाले, "हितं झोपतोस म्हणून हितला झालास व्हय? तुझ्या गल्लीत दुपारी बायका कुठं बसतात सांग." ओंकारला सांगता आलं नाही. तो तीन पिढ्या पेठेतला, आणि पाहुणाच राहिला.

मला ते उत्तर माहीत होतं, आठवड्याच्या फेऱ्यांत बघून. त्या कट्ट्यावरच बसतात. सकाळी पेपर वाचणारे, दुपारी भाजी निवडणाऱ्या बायका, संध्याकाळी म्हशी आणि दूध पिणारे, नंतर फुटबॉलची पोरं. एकानं दुसऱ्याला उठवलेलं मी कधी पाहिलं नाही. वेळ झाली की जो तो आपणहून उठायचा. हे सगळं मला दिसायचं, पण मी बोलत नसे. मी इंग्रजी शाळेत शिकले. डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत यायचं, मग मी त्याचं मराठी करायची, मग ते पुस्तकी तर वाटत नाही ना हे तपासायची, आणि तोवर वर्ग पुढं गेलेला असायचा. पहिल्या वर्षी एकदा मी "मला तहान लागलेली आहे" म्हणाले होते, तर मागून ओंकार म्हणाला, "धडा कितवा, मॅडम?" त्यानंतर मी तहान लागली तर सरळ उठून पाणी प्यायची.

सरांनी मला बोलायचा आग्रह कधी केला नाही. एकदाच हसले, आणि तेही माझ्या मॉडेलला. मी एका चौकाचं मॉडेल केलं होतं. त्यात माणसं हवीत म्हणून संगणकातून छापून, कापून चिकटवली होती. सगळेच तसं करायचे. सरांनी एका चित्रावर करंगळी ठेवली. सोनेरी केसांची बाई, अंगात ओव्हरकोट, हातात कुत्र्याचा पट्टा.

"ही कोण?"

मी मॉडेलवर आणखी वाकले.

"पावणी दिसतीय. कुणाकडं उतरलीय?"

वर्ग हसला. सरांनी ती बाई अलगद उपटली आणि माझ्या हातात दिली. मग फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ओळखीचं माणूस घाल. एक जरी घातलंस तरी चालंल."

घरी जाऊन मी विचार करत बसले. मला हुबेहूब काढता येईल असं रस्त्यावरचं एकही माणूस माझ्या ओळखीचं नव्हतं. तेव्हापासून मी संध्याकाळी एकटी त्या कट्ट्यावर जायला लागले. टोकाला बसायची. कुणी काही विचारलं नाही. बंडूनाना पेला पुढं करायचे आणि मी प्यायची. त्या कट्ट्याचं हेच होतं, बसायला कारण लागायचं नाही. मी बंडूनाना काढले, त्यांची थोरली म्हैस काढली. ती धार काढताना मान वळवून मागं बघायची, काम नीट चाललंय ना हे तपासल्यासारखी.

तिथंच मला रमजानमधले सर दिसले. ते पेठेतल्याच एका बोळात राहायचे. आजोबा कापूस पिंजायचे आणि गाद्या भरायला याच चौकात बसायचे, एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं. रोज्याच्या दिवसांतही ते आम्हाला भर उन्हात हिंडवायचे. ओंकार म्हणायचा, "सर, निदान सावलीत तरी थांबा." सर म्हणायचे, "सावली कुठाय दाखव, थांबतो." दिवस कलला की ते कट्ट्यावर येऊन बसायचे, हातात खजूर. बंडूनाना त्या महिन्यात म्हशी थोड्या लवकर आणायचे. बांग ऐकू आली की सर खजूर तोंडात टाकायचे आणि बंडूनाना पहिला पेला त्यांच्या हातात द्यायचे. बाकीची गिऱ्हाइकं थांबायची. यावर कधी कुणी काही बोललेलं मी ऐकलं नाही. एकदाच एका नव्या माणसानं पेल्यासाठी हात पुढं केला, तर बंडूनाना म्हणाले, "जरा दम खावा पावणं. त्यांनी दिवसभर खाल्लाय."

आमच्या शेवटच्या वर्षी सरांच्या हातात एक नकाशा आला. शहराच्या आराखड्यात तो कोपरा चारचाकी गाड्यांच्या पार्किंगसाठी दाखवला होता. कट्टा, म्हशी बांधायच्या कड्या, कडेचं लिंबाचं झाड, सगळ्यावर एकच करडी चौकट. त्यावर हरकत घेता येत होती, सुनावणी होणार होती. यापूर्वीही सरांनी बऱ्याच हरकती घेतल्या होत्या. कधी रस्त्यासाठी, कधी नाल्यासाठी, कधी एका मैदानासाठी. सगळ्या फेटाळल्या गेल्या, हे तेच हसत सांगायचे. या वेळी हसले नाहीत.

"मॉडेल करायचं," ते वर्गात म्हणाले. "कागद कुणी वाचत न्हाय. मॉडेल बघतात. त्यात आख्खा कट्टा दाखवायचा. माणसांसकट, म्हशींसकट."

आम्ही मन लावून केलं. कट्टा ओंकारनं केला, खऱ्या काळ्या दगडाच्या कपच्या घासून. माणसं सगळ्यांनी मिळून केली, सगळी ओळखीची. म्हशी माझ्याकडं आल्या. मी शाडूची थोरली म्हैस केली, मान वळवून मागं बघणारी. बंडूनानांना दाखवायला नेली तर त्यांनी ती तळहातावर घेऊन फिरवून बघितली. "हिला दूध किती?" एवढंच विचारलं त्यांनी.

सुनावणीला सरांबरोबर आम्ही काही जण गेलो. बंडूनाना यायला तयार नव्हते. "मी काय बोलू तिथं?" म्हणाले. सर म्हणाले, "बोलू नका. नुसतं बसा." ते आले आणि भिंतीशी खुर्चीच्या टोकावर बसून राहिले.

अधिकारी आत आले, सरांना पाहून थेट वाकले आणि त्यांच्या पाया पडले. ते सरांचे जुने विद्यार्थी निघाले. सर इतके खूश झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी मांडणी केली. कट्टा किती लांब आहे हे त्यांनी सांगितलंच नाही. दिवसभरात तो कुणाकुणाचा असतो ते सांगितलं. साहेब मॉडेलवर वाकून ऐकत होते. मग त्यांनी दोन बोटांनी म्हैस उचलली.

"किती गोड आहे हो ही. कुणी केली?"

सरांनी माझ्याकडं बोट केलं. मी मान हलवली.

"सर, तुम्ही काळजी करू नका," साहेब म्हणाले. "कट्ट्याला हात लागणार नाही. खरं सांगू? ही आपली ओळख आहे. पार्किंग दुसरीकडं बघू. हे आपण जपू."

बाहेर आल्यावर ओंकारनं सरांना जवळजवळ उचललं. सर म्हणाले, "खाली ठेव, पडशील." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी लपवलं नाही. त्या संध्याकाळी बंडूनानांनी आमच्या दुधाचे पैसे घेतले नाहीत. सर कट्ट्यावर बसले होते. मला वाटतं, त्या एका संध्याकाळपुरता त्यांचा स्वतःच्या विषयावर पूर्ण विश्वास बसला होता.

काम पावसाळ्यानंतर सुरू झालं. आधी पत्रे लागले. आम्हाला वाटलं, दगड नीट बसवत असतील. पत्र्यांबाहेर बंडूनाना काही दिवस रस्त्याकडेला म्हशी घेऊन उभे राहिले, मग वाहतुकीला अडथळा होतो म्हणून त्यांना उठवलं गेलं. पत्रे निघाले तेव्हा कट्टा जागेवर होता. कुणी त्याला हात लावला नव्हता. वरून चकचकीत ग्रॅनाइट बसवलं होतं, कडेनं छातीइतक्या उंचीचं स्टीलचं कुंपण होतं आणि त्याला एक छोटं फाटक, फाटकाला कुलूप. आत हिरवं प्लॅस्टिकचं गवत, आणि गवतावर फायबरची म्हैस. तिच्या पोटाशी फायबरचा गवळी, डोक्याला फेटा. बंडूनानांनी जन्मात कधी फेटा बांधला नव्हता. अंधार पडला की म्हशीवर जांभळे दिवे पडायचे. लोक कुंपणाला पाठ लावून फोटो काढायचे.

म्हशीची मान मागं वळलेली होती.

उद्घाटनाला सरांना बोलावणं होतं. ते गेले. मीही गेले, गर्दीत मागं उभी राहिले. साहेबांनी भाषणात सरांचा आदरानं उल्लेख केला आणि त्यांना शाल दिली. शाल घेतल्यावर सर व्यासपीठावरून खाली उतरायची पायरी शोधत होते. शेवटी एका कार्यकर्त्यानं त्यांचा दंड धरून उतरवलं. साहेब मनापासून खूश होते, हे मला दिसत होतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांच्यावर धड रागावताही येईना. सरांनी पुढं जाऊन त्यांना हळूच विचारलं, "आत बसता यायला पाहिजे होतं ना रे?"

"सर, बसायला दिलं तर आठवड्यात वाट लावतील. थुंकतील. शेण होईल. आपण जपलंय ना ते?"

सर "व्हय" म्हणाले.

परतताना वाटेत बंडूनाना भेटले. थोरली म्हैस त्यांनी विकली होती. दुसरी शहराबाहेर मेहुण्याच्या गोठ्यात होती. सर रस्त्यातच थांबले आणि म्हणाले, "नाना, माझं चुकलं."

बंडूनाना रागावले नव्हते. सरांपेक्षा तेच शांत होते. "तुमचं काय चुकायचं सर? तुम्ही चांगल्यासाठीच केलासा. पण खरं सांगू? ते पार्किंगचं कागदात पडून हुतं. माझ्या बापाच्या वक्तापासून असलं कायबाय कागदात पडूनच असतंय. हितं कट्टा हाय ह्ये कुणाच्या ध्यानात नव्हतं, म्हणून तो हुता."

त्यानंतर सर वर्गात नकाशे नीट समजावून सांगायला लागले. म्हणजे पुस्तकात असतं तसं. रस्त्याची रुंदी, कोपऱ्याची गोलाई, नियम. आम्हाला गावात नेणं थांबलं. ओंकारनं एकदा विचारलं, "सर, पेठेत कवा जायचं?" सर फळ्याकडं तोंड करून म्हणाले, "काय बघायचंय तिथं? फोटो मिळतील की." त्यांनी आम्हाला पावणं म्हणणंही सोडलं. हजेरीपटावरची नावं घेऊ लागले. इतकी वर्षं आपल्याला नावानं हाक मारावी असं वाटत होतं, आणि ती आली तेव्हा कुणालाच नको होती.

आम्ही पास झालो, त्याच वर्षी सर निवृत्त झाले. त्यांच्या विषयाच्या तासिका कमी झाल्या, मग तो ऐच्छिक झाला, मग कुणी निवडेना. ओंकार आता पुण्यात बिल्डरकडं आहे. मी इथंच एका कार्यालयात आहे. उसाच्या जमिनीवर प्लॉट पाडायचं काम असतं. नियमाप्रमाणे मोकळी जागा सोडावी लागते, ती आम्ही कोपऱ्यात, विजेच्या डीपीशेजारी दाखवतो. सुरुवातीला मी एकदोनदा ती मधोमध घेऊन बघितली. कार्यालयातल्या साहेबांनी फक्त "अहो" म्हटलं, आणि मी ती परत कोपऱ्यात सरकवली. माणसं आम्ही अजून संगणकातूनच घालतो. सोनेरी केसांची बाई अजून आहे, कुत्र्यासकट.

मागच्या रमजानमध्ये ऑफिसातून येताना मी पेठेतून आले. एरवी मी तो चौक टाळते. सूर्य बुडायला आला होता. कुंपणाजवळ एक माणूस पाठमोरा उभा होता, बुटका, पांढऱ्या शर्टात. एका हातात पाण्याची बाटली. पाय अवघडलेले असावेत, कारण अंगाचा सगळा भार त्यानं कुंपणाच्या वरच्या नळीवर टाकला होता.

"आजोबा, रेलू नका त्याच्यावर. वाकतंय ते," आतून रखवालदाराचा पोरगेला आवाज आला. तो फायबरच्या गवळ्याशेजारी उभा होता. त्यालाही बसायला काही नव्हतं.

सरांनी हात काढला. मी गाडी लावून जवळ गेले. त्यांनी मला ओळखलं, नाव मात्र आठवेना. उद्या मुलीकडं पुण्याला जातोय म्हणाले, कायमचं. अकराव्या मजल्यावर घर आहे. गुडघे गेलेत. बोळातलं घर विकलं.

"इथं कशाला आलात, सर?"

"सवय," ते म्हणाले. "बाकी काय."

बांग झाली. त्यांनी खिशातून खजूर काढला आणि तोंडात टाकला. बाटलीचं झाकण त्यांना उघडेना, ते मी उघडून दिलं. ते उभ्यानंच पाणी प्यायले. नुसतं पाणी. जांभळे दिवे लागले. एक जोडपं फोटो काढायला आलं आणि आम्हाला "जरा बाजूला होता का?" म्हणालं. आम्ही बाजूला झालो. बाजूला गटाराचं तोंड होतं, त्याच्यापलीकडं लावलेल्या मोटारसायकली. सर इकडं बघत होते, तिकडं बघत होते. पाय बदलत होते. बंद दुकानाच्या शटरपुढं लोखंडी टोकं बसवलेली होती, त्यांना त्यांनी हात लावून बघितला. मग माझ्याकडं वळले. ती जुनी, डोळे बारीक करायची लकब क्षणभर चेहऱ्यावर आली.

"पावणं," ते म्हणाले, "इथं बसायचं कुठं?"

वर्गात हा प्रश्न मी किती वेळा ऐकला होता, आणि दर वेळी उत्तर माहीत असून खाली बघितलं होतं. या वेळीही मला उत्तर माहीत होतं. मी चौकाकडं नीट एकदा बघून घेतलं, सरांनी शिकवलं होतं तसं, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत.

"कुठंच न्हाय, सर," मी म्हणाले.